तलाव आणि तहसील

कुस्ती आणि फुटबॉलचे वेड असलेल्या कोल्हापूरने आशियाई पदकविजेता जलतरणपटू घडवावा, याचे अनेकांना नवल वाटते. वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या तीन शर्यतींत उतरला, तेव्हा त्याचा सतरावा वाढदिवसही व्हायचा होता. सरावासाठी त्याने कोल्हापूर सोडून बंगळूरला निहार अमीन यांच्याकडे धडे घेतले. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ब्राँझपदक पटकावले. १९८६ मधील खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर आशियाई जलतरणात भारताला तब्बल २४ वर्षांनी मिळालेले हे पदक होते.

त्यानंतर मात्र त्याचे नाव क्रीडा पानांवरून जवळजवळ नाहीसे झाले. दुखापत हे त्याचे कारण नव्हते. पदकाची दखल घेऊन राज्य शासनाने त्याला थेट तहसीलदारपद दिले आणि तो मालवणात रुजू झाला.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या तरुणांना ही नोकरी म्हणजे भाग्यच वाटेल, आणि त्यात खोटे काही नाही. जलतरणात पैसा नाही. पोट कशावर तरी भरावेच लागते. परंतु तहसीलदाराचे काम घड्याळ पाहून संपत नाही. महसूल वसुली, पंचनामे, निवडणुका, अतिवृष्टी यांतून दिवसाला दोन वेळचा सराव कसा साधावा? रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकले. पण रेल्वेला खेळाडू सांभाळण्याची जुनी सवय आहे. महसूल खात्याला ती कोठून असणार? कोल्हापूरसारख्याच उसाच्या फिजी देशाने २०१६ मध्ये रिओत सात जणांच्या रग्बीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा त्या संघातही कोणी पोलिस, तर कोणी तुरुंगरक्षक होता. त्यांनी अंतिम फेरीत ब्रिटनला ४३-७ असे लोळवले. तेव्हा दोष सरकारी नोकरीचा नव्हे. ती पदकाचे बक्षीस म्हणून द्यायची की पुढच्या पदकाची तरतूद म्हणून, हा प्रश्न आहे.

एवढ्या खंडानंतर वीरधवल परतला, तोही केवळ हजेरी लावण्यासाठी नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांची वेळ देऊन २००९ मधील स्वतःचाच २२.५२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. या शर्यतीत तलावाची एकच लांबी पोहायची असते; वळण नाही, डावपेचांना वाव नाही, चूक सुधारायलाही सवड नाही. अंतिम फेरीत त्याने २२.४७ सेकंद घेतले. जपानच्या शुनिची नाकाओने २२.४६ सेकंदांत ब्राँझ नेले. एक शतांश सेकंद, त्या वेगाने मोजल्यास अंतर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर! सकाळचीच वेळ संध्याकाळी दिली असती, तर पदक त्याचेच होते. मधली वर्षे तलावातच गेली असती, तर हे अंतर उरले असते का, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. तरीही शंका मनातून जात नाही.

२०२० मध्ये करोनामुळे तलाव बंद राहिले, तेव्हा निवृत्तीचा विचार त्याने जाहीरपणे बोलून दाखविला होता. प्रत्यक्षात तो २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेपर्यंत पोहत राहिला. तेथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचे सुवर्ण त्याने आणि महिलांचे त्याची पत्नी ऋजुता हिने जिंकले. त्याच स्पर्धेत त्याने निवृत्ती जाहीर केली.