हायड्रोजनची एसटी किती वर्षं टिकेल?

आज एकच प्रश्न. उद्या आपल्या अहिल्यानगर-पुणे मार्गावर हायड्रोजनची एसटी धावायला लागली, तर ती किती वर्षं चालेल?

गाडी बनवणं जमलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, सीएसआयआर आणि केपीआयटीने फ्यूएल सेलवरची कार चालवून दाखवली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच त्यांची बसही आली. आता खरी परीक्षा आहे टिकण्याची.

फ्यूएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये पातळ पडदा असतो. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतून. तीच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी तयार होतं. पण ऑक्सिजनची ही रिअ‍ॅक्शन फार सुस्त. तिला पळवायला कॅटॅलिस्ट लागतो: कार्बनच्या भुकटीवर बसवलेले प्लॅटिनमचे साधारण २ ते ५ नॅनोमीटरचे कण.

कॅटॅलिस्ट खर्च होत नाही, असं शाळेत शिकलोय ना? गाडीत मात्र तो झिजतो. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, परत ब्रेक. दर वेळी सेलचं व्होल्टेज वरखाली होतं आणि थोडं प्लॅटिनम विरघळतं. छोटे कण संपतात, मोठे अजून मोठे होतात. पिठीसाखरेची खडीसाखर झाल्यासारखं: वजन तेवढंच, पण पृष्ठभाग कमी. आणि काम तर पृष्ठभागावरच चालतं! शिवाय गाडी चालू-बंद करताना खालचा कार्बनच जळतो आणि कणांची बैठक मोडते.

आता हिशोब करू. कारसाठी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं लक्ष्य ८,००० तासांचं आहे. रोज २ तास चालवली, तर जवळपास ११ वर्षं. पण बस रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धावली तर ३,६०० तास होतात. म्हणजे ८,००० तास सव्वादोन वर्षांतच संपले! म्हणून जड ट्रकसाठी त्यांचं लक्ष्य २५,००० तासांचं आहे. आपल्या बसलाही तेवढाच दम लागेल.

उपाय काय? प्लॅटिनममध्ये कोबाल्ट मिसळायचं. टोयोटाच्या मिराईत हेच केलंय. पण कोबाल्टही हळूहळू निसटतं, म्हणून दोन्हींचे अणू ठराविक रांगेत बसवण्यावर संशोधन चालू आहे. कार्बनही ग्राफाइटसारखा, सहज न जळणारा घेता येतो. लोखंड-नायट्रोजनचे स्वस्त कॅटॅलिस्ट आहेत, पण ते अजून लवकर दम तोडतात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला शेवटचा उपाय जास्त आवडतो. गाडीत छोटी बॅटरी ठेवायची आणि लोडचे झटके तिच्यावर टाकायचे. फ्यूएल सेल शांतपणे एका लयीत चालतो, व्होल्टेज फार उड्या मारत नाही. म्हणजे प्लॅटिनमचं आयुष्य थोडंफार कोडच्या हातात आहे.

म्हणून पुढच्या वेळी हायड्रोजन गाडीची बातमी आली, की 'किती किलोमीटर जाते' यासोबत 'किती तास टिकते' हेही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!