न दिसणारी दुखापत

फुटबॉलच्या सामन्यात खेळाडूच्या पायाला लागलं की काय होतं? पंच शिट्टी वाजवतात, फिजिओ धावत येतो, गरज पडली तर स्ट्रेचर येतं. पण दुखापत मनाला झाली असेल तर? तेव्हा शिट्टी वाजत नाही. खेळ चालूच राहतो.

हंगामाचा ताण

युरोपातल्या मोठ्या क्लबांचा हंगाम साधारणपणे ऑगस्ट ते मे असा चालतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. चषक स्पर्धा आणि देशाकडून खेळायचे सामने वेगळेच. कधी आठवड्याला दोन सामने, मधल्या दिवसांत सराव आणि प्रवास. संघात जागा अकराच, आणि बाकावरचा सहकारी त्याच जागेची वाट बघत असतो. त्यामुळे मन ठीक नसलं तरी तसं सांगायला जीभ रेटत नाही.

थकवा आणि नैराश्य यांत फरक आहे. थकवा विश्रांतीने जातो. नैराश्य हा आजार आहे. झोप नीट लागत नाही, भूक मंदावते, आवडत्या खेळातही रस उरत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

रॉबर्ट एन्के

एन्के हा जर्मनीचा गोलरक्षक आणि हानोव्हर ९६ या क्लबचा कर्णधार. २००६ मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी हृदयाच्या आजाराने गेली. त्याआधीही त्याला नैराश्याने गाठलं होतं आणि २००९ मध्ये ते पुन्हा उलटलं. उपचार चालू होते, पण ते कुणाला कळू नयेत अशी त्याची धडपड होती. कळलं तर करिअर संपेल, दत्तक घेतलेली मुलगीही आपल्याकडून काढून घेतील, अशी भीती त्याला वाटायची. ८ नोव्हेंबरला तो सामना खेळला. १० नोव्हेंबरला त्याने आयुष्य संपवलं. वय अवघं ३२. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने, तेरेसाने, पत्रकारांसमोर सगळं सांगितलं. पुढे त्याच्या नावाने संस्था उभी राहिली. ती नैराश्याबद्दल लोकांना जागरूक करते.

आंद्रेस इनिएस्ता

त्याच २००९ सालची गोष्ट. बार्सिलोनाच्या इनिएस्ताने त्या वर्षी तीन मोठे चषक जिंकले होते. तरी त्याला आतून बरं वाटेना. त्यातच ऑगस्टमध्ये त्याचा मित्र दानी हार्के अचानक गेला. इनिएस्ताने मात्र आपला त्रास क्लबच्या डॉक्टरांना सांगितला, मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. ११ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ११६ व्या मिनिटाला, त्याने स्पेनसाठी विजयी गोल केला. शर्टाखाली हार्केचं नाव लिहिलेलं होतं.

प्रत्येकाचा आजार वेगळा, त्यामुळे या दोघांची तुलना करू नये. पण एक गोष्ट दोघांकडूनही शिकता येते: लपवल्याने ओझं वाढतं, आणि चषकांनी भरलेलं कपाटही मनाला आजारापासून वाचवत नाही.

लक्षात ठेवा

परीक्षेचं वर्ष हाही एक हंगामच असतो. कुणी मित्र गप्प गप्प राहत असेल तर "काय होतंय रे?" असं विचारा आणि शांतपणे ऐका. आई-बाबांना, शिक्षकांना सांगा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

विचार करा

१. थकवा आणि नैराश्य यांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. एन्केला आजार का लपवावासा वाटला असेल? संघातले सोबती काय करू शकले असते?