सहकार्य परिपत्रकातून येत नाही

लांजा आगारातून भांबेड-प्रभानवल्लीच्या बाजूला किंवा साटवलीकडे एस.टी. निघते, तेव्हा तिची सारी जबाबदारी दोन माणसांवर असते : चालक आणि वाहक. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला, एवढ्या तुटपुंज्या भाषेवर त्यांचा दिवस चालतो. अरुंद रस्त्यावर गाडी मागे घ्यावयाची असेल तर वाहक खाली उतरून इशारा करतो आणि चालक त्या इशाऱ्यावर विसंबून चाक फिरवतो. गाडी रात्रवस्तीची असेल तर दोघांचे जेवणखाण आणि निजणेही एकाच ठिकाणी होते. पहाटेची ती गाडी वेळेवर सुटली नाही, तर लांज्याला शिकावयास येणाऱ्या मुलांचा पहिला तास बुडतो आणि तहसील कचेरीत काम असलेल्या शेतकऱ्याचा सबंध दिवस वाया जातो.

कर्मचाऱ्यांत संघभावना कशी वाढवावी, याची चर्चा आज बँका, कचेऱ्या आणि शाळांतूनही होत असते. त्यासाठी शिबिरे भरतात, सहली निघतात, व्याख्याने होतात. त्यांत वावगे काही नाही. परंतु सहलीला एका पंगतीत जेवलेली माणसे सोमवारी पुन्हा आपापल्या टेबलामागे जाऊन एकमेकांची फाईल अडवून धरतात, हाही नित्याचाच अनुभव आहे. याचे कारण माणसांच्या स्वभावात शोधले जाते. वस्तुतः ते बहुधा कामाच्या मांडणीत असते.

एस.टी.चेच उदाहरण पाहावे. वाहकाचे काम जमा झालेल्या उत्पन्नावरून जोखले जाते, चालकाचे डिझेलच्या खपावरून, कार्यशाळेतील यांत्रिकाचे वाटेत बंद पडलेल्या गाड्यांवरून. प्रत्येक माप आपल्या जागी योग्यच आहे. पण ही मापे एकमेकांशी झगडतात. वाडीच्या फाट्यावर हात दाखविणाऱ्या उतारूसाठी थांबावे तर वाहकाचे उत्पन्न वाढते. चालकाचे मात्र डिझेल जळते आणि वेळही जातो. उतारू वेळेवर आणि सुखरूप पोचला की नाही, हे जे दोघांचे मिळून एकच फलित, त्याचा हिशेब कोणाच्याच नावावर मांडला जात नाही.

अर्थशास्त्राला ही अडचण परिचित आहे. अल्चियन आणि डेमसेट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली असे दाखविले की, अनेकांच्या संयुक्त श्रमातून जे निर्माण होते त्यातील प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, आणि म्हणून अंग चोरण्यास वाव मिळतो. त्यांनी सुचविलेला उपाय देखरेखीचा होता. पण घाटातल्या गाडीवर देखरेख कोण करणार ? मार्ग तपासनीस तिकिटातील चूक पकडू शकेल. इशारा मनापासून दिला गेला की नाही, हे त्यालाही कळणार नाही. जेथे देखरेख पोचत नाही तेथे विश्वासावरच काम चालते. विश्वास ही केवळ नीतीची बाब नसून उत्पादनाचे एक साधनही आहे, ते असे.

तो कसा निर्माण होतो, याचा एक बोलका दाखला अहमदाबादचा आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथील कॅलिको मिलच्या एका विणकाम खात्याचा अभ्यास केला. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. २२४ मागांवर २९ कामगार होते, त्यांची कामे बारा प्रकारांत विभागलेली होती, आणि कोणाचा कोणाशी कायमचा संबंध नव्हता. ठराविक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे सोपवावी, ही कल्पना पुढे आली तेव्हा कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच बनविले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. तेथे बंधुभावावर व्याख्यान झाले नव्हते. बदलली होती ती कामाची वाटणी.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. तीच ती माणसे सतत एकत्र राहिली तर त्यांचे संगनमत होईल, म्हणून जोड्या बदलत ठेवाव्यात, असे प्रशासनाला वाटते. परंतु आता तिकीट यंत्रातून निघते आणि त्याची नोंद राहते. काही थोड्यांच्या लबाडीच्या भीतीपायी साऱ्यांनाच एकमेकांना परके ठेवणे हा महागडा सौदा होय.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. विलीनीकरणाची मागणी रास्त होती की नव्हती, हा निराळा विषय. पण संपाच्या काळात काही जण आधी कामावर परतले, काही अखेरपर्यंत बाहेर राहिले, काहींवर कारवाई झाली. अशी माणसे पुन्हा एका गाडीवर येतात, तेव्हा त्यांच्यातील अंतर कोणत्याही परिपत्रकाने मिटणारे नसते. ते मिटले तर सोबतीच्या कामातूनच मिटेल.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. एका मार्गावरील चालक-वाहकाची जोडी निदान काही महिने कायम ठेवावी. गाडीतील दोषाविषयी चालकाने लिहून दिलेल्या तक्रारीचे काय झाले, हे यांत्रिकाने त्याला समक्ष सांगावे. वेळापत्रक ठरविताना त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांना विचारावे. वस्तीच्या गावी अंग टेकण्यास कोरडी जागा आणि पाणी द्यावे. ज्याची संस्थेने कधी विचारपूस केली नाही, त्याने सहकाऱ्याची करावी, ही अपेक्षा फोल आहे.

शाळा आणि कचेऱ्या यांनाही हे तंतोतंत लागू पडते. पाचवीच्या शिक्षकाने चौथीच्या शिक्षकाला दोष द्यावा आणि आवक-जावक कारकुनाने लेखा शाखेकडे बोट दाखवावे, याचे मूळ एकच आहे : विद्यार्थी किंवा अर्जदार हे दोघांचे सामाईक काम आहे, असे कोणी मांडलेलेच नसते. ते तसे मांडले, त्यासाठी एकत्र बसण्यास वेळ दिला आणि यशापयश दोघांच्या नावे लिहिले, तर एकोपा निराळा शिकवावा लागणार नाही. दोन घंट्या ऐकताच चालक गाडी सोडतो, कारण पाठीमागचा माणूस आणि आपण एकाच गाडीत आहोत, हे त्याला ठाऊक असते.