पाणवनस्पतींचे मत्स्यालय

काचेच्या पेटीत वाळू पसरावी, चार वनस्पती रोवाव्यात, पाणी भरून मासे सोडावेत आणि संध्याकाळी घरच्या मंडळींना ते दृश्य दाखवावे, अशी बहुतेक नवशिक्यांची कल्पना असते. पहिल्या दिवशी ते दृश्य मोहक दिसतेही. पुढे मात्र पाणी गढूळ होते, पाने कुजू लागतात आणि एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. अशा वेळी मत्स्यालय बिघडले असे समजले जाते. वास्तविक ते अद्याप तयारच झालेले नसते.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. बारा गॅलन पाणी मावेल अशा काचपात्रात त्यांनी वाळू, माती व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. माशांच्या श्वसनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा व माशांना प्राणवायू द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. हिशेब चोख होता. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले व काचेवर हिरवा थर चढू लागला. वॉरिंग्टन यांनी प्रयोग मोडीत काढला नाही. कुजकी पाने नैसर्गिक तळ्यात कोण खाते याचा विचार करून त्यांनी पात्रात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजका भाग फस्त केला आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य ठरली. मूळ आराखड्यात नसलेल्या या जीवाने तो आराखडा पुरा केला.

त्या काळी ज्ञात नसलेली आणखी एक घडामोड अशा पात्रात चालू असते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात व तो त्यांनाच विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्यापासून नायट्रेट तयार करतात. ते बरेच निरुपद्रवी असून वनस्पतींना पोषक ठरते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर व दगडांवर वस्ती करतात; परंतु त्यांची वाढ मंद असल्याने ही साखळी जुळण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात गढूळपणाला कंटाळून जो मालक वाळूसकट सारे काही क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुऊन काढतो, तो नुकतीच वसू लागलेली ही वस्तीही मोडून टाकतो. माशांचा जीव बहुधा अशा उत्साहापायीच जातो. उपाशी ठेवून मासे मारणारे लोक त्या मानाने थोडे!

वनस्पतींच्या बाबतीतही असेच घडते. विक्रीसाठी येणारी अनेक रोपे रोपवाटिकेत, पाने हवेत ठेवून वाढवलेली असतात. ती पाने पाण्याखाली टिकत नाहीत. क्रिप्टोकोरिन तर लावल्यानंतर कधी कधी पूर्णपणे विरघळल्यासारखी दिसते. तिचे मूळखोड मात्र जिवंत असते आणि काही आठवड्यांनी त्यातून पाण्यात जगण्याजोगी नवी पाने फुटतात. या प्रजातीच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांकाठी वाढतात. पाऊस आला की पाण्याखाली आणि ओसरला की उघड्यावर, असे जगणाऱ्या वनस्पतीने पाने बदलावीत यात नवल ते काय?

म्हणूनच रचना करताना रोप आज कसे दिसते यापेक्षा सहा महिन्यांनी त्याचा विस्तार किती होईल, हे पाहावे लागते. बुटकी रोपे पुढे, उंच मागे, हा नियम सोपा आहे. पण दोन रोपांत मोकळी जागा सोडणे नवशिक्याला जिवावर येते. प्रकाश दिवसाला आठ तासांच्या आसपास पुरे. त्याहून अधिक दिल्यास रोपांआधी शेवाळच फोफावते. दर आठवड्यास सुमारे पाव हिस्सा पाणी, क्लोरीन काढून, बदलावे.

जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी अशा रचनेला कलेचा दर्जा मिळवून दिला. लिस्बनच्या सागरी मत्स्यालयात त्यांनी योजलेले चाळीस मीटर लांबीचे वनस्पतिपात्र २०१५ साली खुले झाले. त्याच वर्षी ते निवर्तले. पात्रातील वनस्पती त्यानंतरही वाढत राहिल्या आणि त्यांची छाटणी इतरांच्या हाती आली.

घरच्या लहान पेटीत हा प्रसंग व्हॅलिस्नेरिया आणते. तिचे धावते खोड वाळूतून सरकत जाते आणि जेथे मोकळी जागा राखलेली असते नेमक्या तेथेच नवे रोप उभे करते. काहीजण ते लगेच उपटतात. काहीजण दोन आठवडे वाट पाहतात आणि मग दगडच थोडा बाजूला सरकवतात.