सतरा हजार बेटांचे एक राष्ट्र

राष्ट्र म्हणजे केवळ नकाशावरील सीमारेषा नव्हे. आपण सारे एक आहोत, ही भावना लोकांच्या मनात रुजते तेव्हाच ते खऱ्या अर्थाने उभे राहते. ही भावना आपोआप उगवत नाही. ती जाणीवपूर्वक पेरावी लागते व पिढ्यानपिढ्या जोपासावी लागते. ही पेरणी कशी होते, हे समजून घेण्यासाठी आपण इंडोनेशियाचे उदाहरण पाहू.

हा देश १७,००० हून अधिक बेटांचा आहे आणि तेथे ७०० हून अधिक भाषा बोलल्या जातात. जावा, सुमात्रा, बाली, सुलावेसी येथील लोकांचे धर्म, पेहराव व चालीरीती निरनिराळ्या आहेत. डच सत्तेने या सर्वांस एका अमलाखाली आणले. परंतु परक्याची सत्ता सोसणे आणि एक राष्ट्र होणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर तोडण्यास तेथील तरुण पुढे सरसावले. १९२८ साली बटाव्हिया, म्हणजे आजच्या जाकार्ता शहरी, ठिकठिकाणच्या युवक संघटनांची परिषद भरली. २८ ऑक्टोबर रोजी तिने एक मातृभूमी, एक राष्ट्र व ऐक्याची एक भाषा यांची प्रतिज्ञा केली. त्याच दिवशी वागे रुडोल्फ सुप्रातमान यांनी स्वतः रचलेल्या 'इंडोनेशिया राया' या गीताचे सूर व्हायोलिनवर ऐकविले. तेच पुढे राष्ट्रगीत झाले.

आता प्रश्न असा की, ऐक्याची भाषा कोणती? संख्येने सर्वांत मोठा समाज जावानीज लोकांचा. आजही देशातील सुमारे ४० टक्के लोक त्या समाजाचे आहेत. त्यांच्या भाषेला समृद्ध साहित्यपरंपराही होती. तरीही निवड झाली ती मलय भाषेची. ती फार थोड्यांची मातृभाषा होती. परंतु बंदरांतून आणि बाजारांतून व्यापारी ती शतकानुशतके बोलत आले होते. जावानीज भाषेत समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्द बदलावे लागतात, तितके अवघड बंधन मलयमध्ये नव्हते. शिवाय तिच्यामुळे 'मोठ्यांनी आपली भाषा आमच्यावर लादली' असे म्हणण्याची वेळ लहान समाजांवर आली नाही. या भाषेस 'बहासा इंडोनेशिया' असे नाव मिळाले. यातील 'बहासा' हा शब्द म्हणजे आपला 'भाषा' हाच शब्द होय.

१९४२ साली जपानी सैन्याने देश व्यापला व डच भाषेच्या वापरावर बंदी घातली. त्यामुळे शाळांत व कचेऱ्यांत इंडोनेशियन भाषेस आपसूकच वाव मिळाला. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो व हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली आणि राज्यघटनेने या भाषेस राजभाषेचे स्थान दिले.

भाषेच्या जोडीला प्रतीके आली. १९५० साली स्वीकारलेल्या राजचिन्हात गरुड आहे. त्याच्या प्रत्येक पंखास १७, शेपटीस ८ व मानेवर ४५ पिसे आहेत. त्यांतून स्वातंत्र्यदिनाची तारीख वाचता येते. गरुडाच्या पायांतील पट्टीवर 'भिन्नेका तुंगल इका', म्हणजे 'भिन्न असूनही एकच', हे ब्रीद आहे. ते चौदाव्या शतकातील कवी म्पू तांतुलार यांच्या काव्यातून घेतलेले आहे. सोमवारी शाळाशाळांतून ध्वजवंदन होते आणि मुलांच्या मनावर हा संस्कार होत राहतो.

परंतु जेथे प्रेमाऐवजी सक्ती आली, तेथे हेच कार्य फसले. १९७५ साली इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर सैन्य पाठविले आणि पुढील वर्षी तो प्रदेश आपल्यात सामील करून घेतला. तेथील शाळांतही तोच ध्वज फडकला, तीच भाषा शिकविली गेली. तथापि, १९९९ च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला आणि २००२ साली तो देश स्वतंत्र झाला. चिनी वंशाच्या नागरिकांच्या सणांवर व रूढींवर १९६७ साली निर्बंध घातले गेले होते. ते २००० साली उठविण्यात आले आणि २००३ पासून चिनी नववर्षदिन ही राष्ट्रीय सुट्टी झाली. आपला सण मोकळेपणाने साजरा करता आल्याने त्या लोकांचे इंडोनेशियनपण उणे झाले नाही.

घरी मराठी व बाजारात गुजराती बोलणाऱ्या आम्हां बडोदेकरांस या इतिहासात आपलेच प्रतिबिंब दिसते. आमची मराठी शाळा ही राष्ट्रैक्याच्या आड येणारी भिंत आहे काय? इंडोनेशियाच्या राज्यघटनेने प्रादेशिक भाषांना राष्ट्राचे सांस्कृतिक धन मानले आहे. आम्हीही आमची मराठी त्याच भावनेने जपावी, शेजाऱ्याची गुजराती आपुलकीने शिकावी आणि दोहोंसह या देशाचे म्हणून उभे राहावे. ज्या घरात प्रत्येकास आपली जागा आहे, ते घर सोडून जाण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.