पायातला श्वास

संगीत नाटकाची तालीम सुरू व्हायच्या आधी ऑर्गनवाला काय करतो, ते एकदा नीट पाहा. तो लगेच पट्ट्यांना हात लावत नाही. खुर्ची पुढेमागे करतो, चपला काढून बाजूला सरकवतो, दोन्ही पाय पॅडलांवर टेकवतो आणि आळीपाळीने पाचसात वेळा दाबतो. आत कुठेतरी चामडं कुरकुरतं. लाकडी पेटीच्या पोटातून हलकासा सुस्कारा येतो. मग उजव्या हाताचं एकच बोट षड्जावर पडतं, आणि खोलीत बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात.

रत्नागिरीत हे दृश्य अजून पाहायला मिळतं. 'खल्वायन'सारखी संस्था इथे संगीत नाटकं करते, सावरकर नाट्यगृहात ती रंगतात, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत देवळाच्या उत्सवात गावकरीच तोंडाला रंग लावून पदं म्हणतात. या मातीचं संगीत नाटकाशी नातं जुनं आहे. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणलं. पेटी आणि ऑर्गन या दोन्हींवर ज्यांच्या बोटांनी नाट्यसंगीत अक्षरशः गायलं, ते गोविंदराव पटवर्धन याच जिल्ह्यातले, गुहागरकडचे.

पण आता विंगेत डोकावलं, तर बहुतेक प्रयोगांना पायाचा ऑर्गन दिसत नाही. घडीच्या लोखंडी स्टँडवर कीबोर्ड असतो, त्याच्या पडद्यावर ऑर्गनच्या नावाचा एक आवाज निवडलेला असतो आणि वायर मिक्सरकडे गेलेली असते. नकली आवाज अस्सल आवाजाच्या किती जवळ येतो, हा प्रश्न जगभर पियानोच्या बाबतीत विचारला जातो. आपल्याकडे तो ऑर्गनच्या बाबतीत विचारायला हवा. आणि उत्तर पियानोच्या उत्तरापेक्षा वेगळं आहे.

आधी पियानोचं पाहू. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास घडवलेल्या वाद्यापासून आजच्या कॉन्सर्ट ग्रँडपर्यंत तत्त्व एकच आहे: पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. नऊ फुटी ग्रँडमध्ये सव्वादोनशेहून जास्त तारा, त्यांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास, आणि वजन पावणेपाचशे किलोच्या घरात. याची नक्कल करणारा स्टेज पियानो पंधरावीस किलोचा असतो, एकटा माणूस रिक्षात घालून नेऊ शकतो. त्याच्या ८८ पट्ट्यांखाली वजनदार हातोड्या बसवतात, म्हणजे बोटाला खऱ्यासारखा जडपणा लागतो. पट्टी किती वेगाने खाली गेली, ते संवेदक मोजतात. खऱ्या ग्रँडचा प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा अनेक पातळ्यांवर ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यातला योग्य तो वाजतो. एक तार वाजली की बाकीच्या मोकळ्या तारा सहानुभूतीने थरथरतात, तो थरथराटही आता गणिताने काढतात. २००९ मध्ये यामाहाने खऱ्या ग्रँडची लाकडी यंत्रणाच डिजिटल वाद्यात बसवली, आणि त्याच वर्षी रोलँडने एकही ध्वनिमुद्रित नमुना न वापरता पियानोचा आवाज निव्वळ गणितातून उभा करणारं वाद्य आणलं.

हे काम इतकं पुढे जाण्याचं कारण पियानोच्या स्वभावातच आहे. त्याचा सूर आघाताच्या क्षणी जन्मतो आणि तिथून विझत जातो. वादकाला जे सांगायचं ते बोट खाली जातानाच सांगून होतं. पुढे हात उरतो तो पायाखालच्या पॅडलचा. म्हणून त्या एका क्षणाची नीट नक्कल साधली, तर पुष्कळ काही साधतं. मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून ऐकताना चांगला स्टेज पियानो आणि ग्रँड यांतला फरक ओळखणं जाणकारालाही जड जाईल. तो कळतो वादकाला, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला.

ऑर्गनचं सगळं याच्या उलट.

आपण ज्याला ऑर्गन म्हणतो तो चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन नव्हे. तो पितळी सुरांचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभांचा, हार्मोनियमचाच थोरला भाऊ. अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियम घडवला, त्यात भाता हवा आतून बाहेर ढकलतो. पुढे अमेरिकेत मेसन अँड हॅम्लिन, एस्टे अशा कंपन्यांनी जो घडवला त्यात भाता हवा खेचून घेतो, म्हणजे बाहेरची हवा सुरांवरून आत ओढली जाते. ऐकताना हा फरक चटकन कळतो. पेटीचा सूर समोर येऊन बोलतो, तर ऑर्गनचा सूर गोलाई घेऊन, जरा मागच्या खोलीतून आल्यासारखा येतो. या वाद्यांतले सूर हलकेच वाकवून, पिळून त्यांना बोलकं करत. दोन सूर अगदी किंचित वेगळे लावून एकत्र सोडले की आवाजाला लाटा येतात; एक सेकंदाला ४४० आणि दुसरा ४४२ कंपनं देत असेल, तर सेकंदाला दोन लाटा. एखादी खुंटी ओढली की हवेवर फिरणारी छोटी पंखी सुरात कंप आणते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हा साथीचं रूप वेगळं होतं. पेटी हळूहळू विंगेत शिरली आणि गोविंदराव टेंब्यांच्या हाती तिला प्रतिष्ठा मिळाली. १९१३ मध्ये सुरू झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत. विचार करा, ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत हा एवढाच मेळा पुरत होता. गायक श्वास घेतो तिथली जागा ऑर्गन भरून काढी. सारंगी गळ्यामागून जायची, ऑर्गन गळ्याखाली जमीन घालायचा.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एका ओळखीच्या घरी मी दोन्ही वाद्यं शेजारी शेजारी ठेवून ऐकली. भिंतीशी जुना परदेशी ऑर्गन, ६१ पट्ट्यांचा, हस्तिदंती रंग पिवळा पडलेला. समोर टेबलावर चांगल्या कंपनीचा कीबोर्ड, स्पीकरला जोडलेला. वाजवणारे काका चाळीस वर्षं नाटकांना साथ करतात. मी डोळे मिटून बसलो. त्यांनी आधी दोन्हींवर एकेक सूर दिला, आणि मला कुठला कोणता ते ओळखता आलं नाही. मनातून मी खट्टू झालो, खरं सांगतो.

"आता ऐक," काका म्हणाले, आणि त्यांनी मधला गंधार धरला. धरूनच ठेवला.

पाच सेकंदांत उत्तर मिळालं. कीबोर्डचा गंधार गोठला. त्यातला एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. एकदा कानाला ते चक्र लागलं की सुटत नाही. ऑर्गनचा गंधार हलत होता. डावा पाय खाली जाताना सूर किंचित भरत होता, उजवा पाय घेईपर्यंत किंचित उतरत होता. मग काकांनी उजवा गुडघा बाहेर ढकलला. त्या गुडघ्याला टेकलेल्या लाकडी दांडीने आतली झडप उघडली आणि तोच सूर, बोट न हलवता, खोलीभर झाला. डावा गुडघा ढकलल्यावर बंद असलेल्या सुरांच्या साऱ्या रांगा एकदम बोलू लागल्या. बोट मात्र तिथंच, गंधारावर, तेवढ्याच हलकेपणाने.

"बोटात काय आहे रे ह्यात?" काका म्हणाले. "बोट नुसतं दार उघडतं. गाणं पायात आहे."

मला वाटतं, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी आपली बुद्धी बोटाच्या वेगावर खर्च केली, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे पियानो होता. पट्टी जोरात मारली की मोठा आवाज, हळू मारली की लहान. ऑर्गनवाल्याला ही सोय नडते. त्याचं बोट एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जातं, मारत नाही. त्यामुळे ओढीच्या जागी कीबोर्ड मध्येच हळू आवाज काढतो आणि ओळ तुटते. म्हणून जाणता साथीदार कीबोर्डवर बसला की आधी स्पर्शाची ती सोय बंद करून टाकतो. पियानोची नक्कल करायला जे सर्वांत महाग तंत्र लागतं, तेच इथे पहिल्यांदा बाजूला ठेवावं लागतं.

आणखी एक बारकी गोष्ट काकांनी दाखवली. खऱ्या ऑर्गनची पट्टी निम्मीच दाबली तर आतली झडप निम्मीच उघडते आणि सूर कुजबुजल्यासारखा, जरा उशिरा जागा होतो. खर्जातले लांब सूर तर पूर्ण पट्टी दाबूनही क्षणभर वेळ घेतात. गाणाऱ्याच्या आवाजामागे हलक्या पावलाने जायचं असेल, तर हाच उशीर कामाला येतो. कीबोर्डमध्ये सूर एकतर असतो किंवा नसतो. पायाचं एक्स्प्रेशन पॅडल त्याला जोडता येतं आणि जोडावंच, त्याने पुष्कळ फरक पडतो. पण त्याने आवाज मोठालहान होतो, सुराचा पोत बदलत नाही. ऑर्गनमध्ये हवा वाढली की पोतही बदलतो, सुरातलं पितळ जरा जास्त दिसू लागतं.

एवढं सांगून कीबोर्डला नावं ठेवणं मात्र मला जमणार नाही. नाटकात नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये, आणि मधेच नारद येतो तो पांढरी दोनमध्ये. जुन्या साथीदारांना प्रत्येक पद प्रत्येक पट्टीतून वाजवता यावं लागे. त्या तयारीला वर्षं लागत. कीबोर्डवर एक बटण दाबलं की झालं. सुरांच्या बाबतीत तर तो एक पाऊल पुढे आहे. ऑर्गन आणि पेटी समान अंतरांत लावलेली असतात. त्यांचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग चढा असतो. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीला साथीसाठी दार बंद ठेवलं, त्यामागे हीच तक्रार होती. आजचे कित्येक कीबोर्ड प्रत्येक सूर स्वतंत्रपणे चढवू-उतरवू देतात. रागाप्रमाणे गंधार उतरवून ठेवता येतो. ही सोय वापरणारे साथीदार मला फार थोडे भेटले, याचं वाईट वाटतं.

आणि कोकणची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाकीचे महिने खारा वारा. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, नमद्याला बुरशी धरते, भात्याचं चामडं कडक होऊन चिरतं, पितळी सुरांवर हिरवट थर येतो आणि सूर उतरतो. असा ऑर्गन टेम्पोत घालून घाटवाटेने गावोगाव न्यायचा, चार माणसांनी उचलायचा, उतरवल्यावर एखादा सूर मुका झालेला असायचा. कीबोर्ड पाठीवरच्या पिशवीतून येतो. साथीदारांनी ऑर्गन सोडला त्यात त्यांचा दोष नाही.

पण एका गावच्या उत्सवात मी नाटक पाहत होतो, दुसऱ्या अंकात पदाच्या ऐन मध्यात वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. नायिका दोन ओळी नुसत्या तबल्यावर गायली, तिसऱ्या ओळीला तिचा सूर ढळला, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी हळहळून म्हणाल्या, "पूर्वी नव्हतं हो असं होत." पूर्वी पेट्रोमॅक्स विझला तरी ऑर्गन वाजत राहायचा, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं.

म्हणून राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्यात जे घडलं त्याचं मोल मला फार वाटतं. परदेशातल्या कारखान्यांनी हे ऑर्गन घडवणं कधीच थांबवलेलं. इकडे होते ते जुने, डागडुजी करून चालवलेले. अशा वेळी आडिवऱ्याच्या उमाशंकर दाते यांनी पायाचा ऑर्गन नव्याने घडवायला घेतला आणि घडवला. भाता, झडपा, गुडघ्याच्या दांड्या, सुरांच्या रांगा, सगळं पुन्हा मांडायचं म्हणजे ज्या गोष्टीचा नकाशा कुणी हातात देत नाही ती उलगडून, मोजून, चुकून, पुन्हा करून शिकायची. आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात हे झालं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

काकांच्या घरून निघताना पाऊस लागला होता. त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, वर प्लॅस्टिक घातलं. ऑर्गनचं झाकण लावायच्या आधी मात्र भात्यात उरलेल्या ओढीवर त्यांनी खर्जाचा षड्ज धरला. पाय जमिनीवर होते. सूर हळूहळू पातळ होत गेला, जरा खाली ओघळला, मग नुसता वारा उरला, आणि मग बाहेर पागोळ्या ऐकू येऊ लागल्या.