‘वेरूळ’ वाचताना पहिलीतलं पोर नेमकं कुठे अडखळतं? उत्तर तुमच्या कीबोर्डमध्ये आहे

आज ना नवा फोन, ना नवं फीचर. घरात पहिली-दुसरीतला भाऊ, बहीण किंवा भाचा असेल, तर हा लेख त्याच्यासाठी तुम्ही वाचायचा आहे. कारण वाचायला कसं शिकवावं, यातली अर्धी गोष्ट तुमच्या हातातल्या मोबाइलला आधीच माहीत आहे.

एक छोटा प्रयोग करा. मराठी कीबोर्ड उघडा. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करणारा नको, देवनागरी बटणांचा हवा. आता ‘वेरूळ’ टाइप करा. स्क्रीनवर अक्षरं दिसली तीन, पण तुम्ही बटणं दाबली पाच: व, मग मात्रा, र, मग दीर्घ उकार, आणि ळ. त्यात ‘रू’ नीट बघा. ‘कू’, ‘मू’, ‘सू’ मध्ये उकार अक्षराच्या खाली लटकतो. ‘र’ ला मात्र तो बाजूने येऊन चिकटतो. आपल्याला सवय झालीय म्हणून खटकत नाही. सहा वर्षांच्या पोराला ते नवीनच अक्षर वाटतं.

आता ‘दिवा’ टाइप करा. आधी ‘द’ दाबला, मग वेलांटी. पण स्क्रीनवर वेलांटी उडी मारून ‘द’ च्या आधी जाऊन बसली! युनिकोड, म्हणजे फोन ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो ती पद्धत, उच्चाराचा क्रम पाळते. डोळ्याला दिसतो तो क्रम वेगळा. पोराला वेलांटी आधी दिसते आणि म्हणायची असते नंतर. ते अडखळलं की आपण म्हणतो, “लक्ष नाही याचं.” लक्ष असतं हो, म्हणून तर अडखळतं.

आणि वेरूळच्या देवळाचं नाव? ‘घृष्णेश्वर’. दिसायला चार अक्षरं, फोनच्या हिशेबात दहा कोड. इथल्या पोरांना हे नाव बोलायला लागल्यापासून पाठ असतं. पाटीवर ते वाचता येणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

सगळी मुळाक्षरं आधी कशाला?

आपल्याकडची जुनी रीत अशी: आधी ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत, मग बाराखडी, मग कुठे शब्द. पहिला अर्थाचा शब्द हाती लागेपर्यंत कित्येक महिने जातात. पोर “क का कि की” सुरात म्हणतं, पण मधल्या ‘कु’ वर बोट ठेवून विचारा, पुन्हा ‘क’ पासून सुरुवात करतं. ते गाणं म्हणत होतं, वाचत नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हा क्रमच मोडला. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, भाषेच्या अभ्यासक, पुढे भारतीय नागरिक झाल्या. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवन या शाळेतून ‘प्रगत वाचन पद्धती’ पुढे आली. कल्पना सोपी आहे. थोडी अक्षरं घ्या, त्यांच्यासोबतच एक-दोन स्वरचिन्हं घ्या आणि लगेच शब्द वाचायला लागा. ते जमलं की पुढचा गट. सोबत गोष्टी ऐकणं, गप्पा मारणं, मनातलं लिहिणं चालूच.

माझ्या मनाने एक गट करून दाखवतो. म, क, ल, र, शिवाय काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात काय होतं बघा: काम, लाल, मका, मला, कमी, कमाल, काका, मामी, रमा. आणि वाक्यसुद्धा: “मामी, मला मका!” चार अक्षरं आणि दोन चिन्हं, आणि पोराने आयुष्यातलं पहिलं वाक्य स्वतः वाचलं. तुम्ही तरी मोबाइल कसा शिकलात? सगळी सेटिंग्ज पाठ करून की पहिल्याच दिवशी फोटो काढून?

यात आणखी एक गंमत आहे. ‘मका’ मधला ‘म’ आपण पूर्ण म्हणतो, पण ‘काम’ मधला ‘म’ अर्धवट सोडतो, ‘काम्’ असा. लिहिताना दोन्ही सारखेच. कोणता कधी सोडायचा हे पोराला कोणी सांगत नाही. ते “का…म…” असं जोडतं आणि एकदम त्याची ट्यूब पेटते: अरे, हे तर ‘काम’! शब्द आधीपासून ओळखीचा असतो म्हणूनच हे जमतं. म्हणून शब्द घरातले हवेत. घरात बंजारा बोली किंवा दखनी बोलणाऱ्या पोरापुढे अनोळखी पुस्तकी शब्द ठेवला, तर त्याला ओळख पटायला आधारच उरत नाही.

इतकी घाई कशाला?

कारण तिसरीनंतर शाळा वाचायला शिकवत नाही, वाचता येतं असं धरून चालते. परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळंच वाचूनच करायचं. ‘असर’ च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा आहे, पण चारातली तीन पोरं अजून मागे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ चं उद्दिष्टही हेच: २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं.

‘असर’ ची चाचणी तुम्ही घरीच घेऊ शकता. नमुने त्यांच्या वेबसाइटवर मराठीतही असतात. आधी चार सोप्या ओळींचा परिच्छेद द्या. सलग वाचला तर पुढची पायरी गोष्ट. नाही जमला तर पाच सुटे शब्द, चार बरोबर आले तर पोर शब्दांच्या पायरीवर. तेही नाही तर पाच अक्षरं. रागवायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत. फक्त पायरी कळली पाहिजे, कारण शिकवणं तिथूनच सुरू करायचंय, मग पोर कितवीत का असेना.

इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे शिकवायचं, हे ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्यात करून दाखवलं. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली शिकवायच्या, त्यांना ‘बालसखी’ म्हणत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची शास्त्रशुद्ध तपासणी केली आणि मुलं खरंच पुढे सरकलेली दिसली. याच दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या बालसखी काही डी.एड. झालेल्या नव्हत्या. तुमच्यासारख्याच होत्या.

मग फोनचं काय काम?

गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाचं ॲप आणलं, पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं आणि त्यात मराठीही आली. पोर मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलं की ‘दिया’ नावाचं पात्र शब्द म्हणून दाखवतं. आवाज फोनमध्येच तपासला जातो, त्यामुळे एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. चांगलं आहे. पण ॲपला उच्चार कळतो, अर्थ कळला का ते कळत नाही. “मग शेळीचं काय झालं रे?” हे तुम्हालाच विचारावं लागणार.

मला स्वतःला जास्त आवडतं ते व्हॉइस टायपिंग. पोराला दिवसभरातलं काहीही बोलायला सांगा. “आई भाकर करायली.” फोन ते लिहील, आणि पोर स्वतःचंच वाक्य वाचेल. फक्त एक पाहा: फोनला मराठवाड्याची बोली नीट येत नाही, तो ‘करायली’ चं काहीतरी भलतंच करेल. तिथे हाताने दुरुस्त करा आणि पोर जे बोललं तेच ठेवा. ‘करत आहे’ नंतर शिकता येतं. आधी त्याला कळू द्या की आपल्या तोंडचं कागदावर येतं आणि कागदावरचं आपल्याला वाचता येतं. मग तेच वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत लिहा, फोन बाजूला ठेवा आणि शब्दांवर उलटसुलट बोट ठेवून विचारा. पाठ केलं असेल तर लगेच पकडलं जाईल.

हे रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. पुढे गोष्टी कमी पडायला लागल्या तर ‘स्टोरीवीव्हर’ वर मराठी पुस्तकं पातळीप्रमाणे लावलेली आहेत, सगळी फुकट. पहिल्या पातळीची चार-पाच वायफाय असताना उतरवून ठेवा, रेंज गेली तरी चालतात.